डावखुऱ्यांचा कॉर्कस्क्रू: खरोखर उपयोगी की केवळ नवलाईची वस्तू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझी पुतणी सध्या हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ती पहिल्यापासून डावखुरी आहे. यंदा त्यांना वाइन सर्व्हिसचे प्रात्यक्षिक असून त्यात पाहुण्यासमोर उभे राहून बाटलीचे बूच काढावे लागते. संस्थेत सगळ्यांना ‘वेटर्स फ्रेंड’ नावाचा, खिशात मावणारा घडीचा कॉर्कस्क्रू दिला जातो. तो डाव्या हाताने फिरवताना तिचे मनगट अर्ध्यावर अडते, मळसूत्र तिरके शिरते आणि बुचाची कड फुटून भुगा वाइनमध्ये पडतो. प्रशिक्षकांनी तिला ‘उजव्या हाताची सवय कर’ एवढाच सल्ला दिला आहे.

आमच्या घरी वडिलांना लहानपणी डाव्या हातात पेन्सिल धरली की मार बसत असे, आणि त्यांचे अक्षर पुढे कधीच सुधारले नाही. त्यामुळे या मुलीवर तशी सक्ती होऊ नये, असे मला मनापासून वाटते; पण तिचे शिक्षणही अडून राहता कामा नये. डावखुऱ्यांसाठी वेगळा कॉर्कस्क्रू मिळतो असे ऐकले आहे. त्यात नेमका काय फरक असतो आणि नोकरीच्या ठिकाणी तो चालतो का, हे जाणकारांनी सांगावे. मद्यपान योग्य की अयोग्य ही चर्चा कृपया येथे नको. हा तिच्या व्यवसायाचा प्रश्न आहे.

चंद्रकोर

कॉर्कस्क्रूमध्ये डावे-उजवे असते हे आजच कळले. माहितीच्या प्रतीक्षेत आहे.

भोसरीकर

आयुष्य आटे पाडण्यात गेले असल्यामुळे यंत्राच्या बाजूने सांगतो. बाजारातला जवळजवळ प्रत्येक कॉर्कस्क्रू उजव्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तो बुचात शिरतो. डावखुऱ्यांच्या कॉर्कस्क्रूचा पीळ बरोबर उलटा असतो आणि तो काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. मळसूत्र उभे धरून समोरून पाहावे. पुढच्या बाजूचे वेढे उजवीकडे चढत गेलेले दिसले तर ते उजव्या आट्यांचे, आणि डावीकडे चढत गेले असतील तर डाव्या आट्यांचे. विकत घेताना ही खात्री अवश्य करून घ्यावी, कारण केवळ मुठीचा आकार बदलून ‘डावखुऱ्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तूही विकल्या जातात.

उलटे आटे ही काही परदेशी नवलाई नाही. टेबल फॅनचे पाते काढताना समोरचे नट उलटे फिरवावे लागते, सायकलच्या डाव्या पॅडलचे आटेही उलटे असतात, आणि वेल्डिंगच्या दुकानात ॲसिटिलीनच्या जोडणीचे नट मुद्दाम डाव्या आट्यांचे करून त्यावर खाच पाडलेली असते, जेणेकरून ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसू नये. त्यामुळे असा कॉर्कस्क्रू तयार करणे अवघड मुळीच नाही. तार दुसऱ्या दिशेने वळवायची एवढेच. खप कमी असल्यामुळे तो महाग पडतो.

चंद्रकोर

भोसरीकर, साधाच कॉर्कस्क्रू उलटा धरला तर तो डाव्या आट्यांचा होणार नाही का?

भोसरीकर

नाही. मळसूत्र वरून पाहा किंवा खालून, त्याच्या पिळाची दिशा बदलत नाही. कोणताही बोल्ट टोक वर करून धरा आणि वेढे कुठे चढतात ते पाहा. उत्तर तेच येईल. उजव्याचे डावे फक्त आरशात होते.

रेवती_फिजिओ

मनगट अडण्याचे कारण शरीररचनेत आहे, तेव्हा त्याविषयी लिहिते. कोपर काटकोनात वाकवून तळहात खाली असताना तो वर वळवला, तर त्या हालचालीत दंडाचा द्विशिर स्नायू, म्हणजे ज्याला सगळे बायसेप्स म्हणतात तो, पूर्ण ताकदीने मदत करतो. याच्या उलट, वर असलेला तळहात खाली वळवताना हे काम हाताच्या पुढच्या भागातील लहान स्नायूंवर येऊन पडते. उजव्या हाताने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पेच आवळणे ही पहिली, दमदार हालचाल आहे. तीच दिशा डाव्या हाताने घेतली की ती दुसऱ्या प्रकारची, कमी जोराची होते. म्हणजे साधा कॉर्कस्क्रू डाव्या हातात देताना आपण त्या मुलीला तिच्या चांगल्या हाताचे दुबळे स्नायू वापरायला सांगत असतो. तिची अडचण मानसिक नाही आणि सरावाच्या अभावाचीही नाही.

गोदाकाठ, तोवर तिला साधाच कॉर्कस्क्रू वापरावा लागला तर एक करून पाहायला सांगा. कोपर अंगाला टेकवून ठेवावे, प्रत्येक वेढ्याची सुरुवात तळहात वरच्या बाजूला ठेवून करावी, आणि एका दमात मोठा फेरा न घेता पाव-पाव फेऱ्याने, पकड बदलत जावे. बाटली शक्यतो कंबरेच्या उंचीच्या टेबलावर असावी. खांदा उचलून जोर लावला की मळसूत्र तिरके जाते, कारण फिरवणारा हात तेव्हा वरून सरळ न राहता बाजूला झुकतो.

पेशव्यांचा_पेठकर

रेवतीताईंचे म्हणणे मान्य केले तर बरणीचे झाकण उघडताना उलटे व्हायला हवे. तिथे काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवायचे असते, म्हणजे डावखुऱ्यांना झाकण सहज उघडायला हवे.

रेवती_फिजिओ

अगदी बरोबर. उजव्या आट्यांचे घट्ट बसलेले झाकण सैल करताना डाव्या हाताला स्नायूंची साथ जास्त मिळते. आमच्याकडे येणाऱ्या उजव्या हाताच्या रुग्णांनाही मी कधीकधी लोणच्याची बरणी डाव्या हाताने उघडून पाहायला सांगते. आवळण्यात उजव्या हाताचा फायदा आणि सैल करण्यात डाव्याचा, असा हा हिशेब आहे. कॉर्कस्क्रूचे काम आवळण्याचे असल्यामुळे तिथे डावखुऱ्यांची बाजू पडती राहते.

टेम्सकाठचा_सातारकर

लंडनमध्ये सोहो भागात, ब्रूअर स्ट्रीटवर, ‘एनिथिंग लेफ्ट-हँडेड’ नावाचे छोटे दुकान होते. ते 1968 मध्ये सुरू झाले आणि 2006 मध्ये दुकान बंद करून त्यांनी सारा व्यवहार टपालाने व इंटरनेटवर नेला. मी स्वतः डावखुरा असल्यामुळे नव्याने येथे आलो तेव्हा मुद्दाम तिथे गेलो होतो. कात्र्या, सोलाण्या, टाक, मोजपट्ट्या, कॅन ओपनर असे सगळे होते, आणि त्यातच हा कॉर्कस्क्रूही होता. तो हातात घेऊन बुचात फिरवला तेव्हा हाताला काहीही वेगळे करावे लागले नाही, याचेच मला फार अप्रूप वाटले. आपल्यासाठी केलेली वस्तू कशी असते, ते त्या दिवशी हाताला कळले.

एक बारकावा सांगतो, जो खरेदी करताना हमखास सुटतो. वेटर्स फ्रेंडमध्ये मळसूत्राबरोबर बाटलीच्या मानेवरचा पत्रा कापायचे लहान दातेरी पाते असते. त्या पात्याची धार एकाच बाजूने काढलेली असते आणि साध्या नमुन्यात ती उजव्या हाताच्या सोयीची असते. चांगल्या डावखुऱ्या नमुन्यात पात्याची धारही दुसऱ्या बाजूला असते. केवळ मळसूत्र उलटे आणि पाते जुनेच असेल, तर पत्रा कापताना पाते काचेवरून घसरते आणि पत्र्याची कड फाटकी निघते. पाहुण्यासमोर ते बरे दिसत नाही.

मांडवीतीर

मी गोव्यात बरीच वर्षे रेस्टॉरंट कॅप्टन म्हणून काम केले आहे आणि मुलांना शिकवलेही आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. गोदाकाठ, तुमच्या पुतणीला डावखुरा कॉर्कस्क्रू जरूर घेऊन द्या, पण तिने उजव्या हाताने बूच काढणेही शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे की वाइन सर्व्हिस म्हणजे केवळ मळसूत्र फिरवणे नव्हे. पाहुण्याला लेबल दाखवायचे, मानेच्या खालच्या कडेखाली पाते लावून, बाटली जागची न हलवता, आधी अर्धा आणि मग दुसऱ्या बाजूने उरलेला अर्धा पत्रा कापायचा, तोंड पुसायचे, मळसूत्राचे टोक बुचाच्या मध्यावर किंचित तिरके टेकवून मग सरळ करायचे, शेवटचा एक वेढा बाहेर राहील इतकेच आत न्यायचे, कारण टोक बुचाच्या पार गेले की भुगा पडतो, टेकू आधी वरच्या खाचेवर, मग खालच्या खाचेवर घेऊन बूच उचलायचे आणि शेवटचा भाग हाताने, आवाज न करता काढायचा. त्यानंतर पाहुण्याच्या उजव्या बाजूला उभे राहून उजव्या हाताने वाइन ओतायची, अशी प्रचलित पद्धत आहे. या क्रमात तिला उजवा हात कुठेतरी वापरावाच लागणार आहे. आणि मेजवानीच्या गर्दीत जो कॉर्कस्क्रू हाताला लागेल त्यानेच बाटली उघडावी लागते. तिथे ‘माझा वेगळा आहे’ असे सांगायला वेळ नसतो.

कोल्हापूरची_मिरची

मांडवीतीर यांच्याशी मी सहमत आहे. नोकरी साधनांप्रमाणे बदलत नाही, माणसाला बदलावे लागते.

डावरा_औंधकर

मी सहमत नाही, आणि का नाही ते नीट सांगतो.

मांडवीतीर, तुम्ही स्वतः कॅप्टन होता तेव्हा तुमचा कॉर्कस्क्रू तुमच्या खिशात नव्हता का? चांगल्या रेस्टॉरंटमध्ये प्रत्येक वाढप्याकडे त्याचा स्वतःचा वेटर्स फ्रेंड असतो, तो त्याच्या हाताला बसलेला असतो आणि तो दुसऱ्याला देत नाही. हत्यार जर वैयक्तिकच असेल, तर ते डाव्या आट्यांचे असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ओतण्याचा मुद्दाही वेगळा आहे. बाटली तिरकी करून पेल्यात वाइन सोडणे हे कोणत्याही हाताने थोड्या सरावाने जमते. मळसूत्र सरळ आणि जोर लावून आत नेणे मात्र ज्या हातात कौशल्य आहे त्यानेच नीट होते. दोन कामांना एकच नियम लावू नये. क्रिकेटचे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे: सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करत असे आणि सही डाव्या हाताने करतो. कोणते काम कोणत्या हाताने चांगले होते, ते त्या त्या माणसाच्या शरीराला ठरवू द्यावे.

कोल्हापूरची मिरची, आपण साधनांप्रमाणे स्वतःला बदलतच आलो आहोत. शाळेतल्या कात्रीपासून बाकाच्या हातापर्यंत डावखुऱ्या मुलाने निमूटपणे तेच केले आहे. जगात सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी आहेत. दहातल्या एकासाठी पाच वेढ्यांची तार उलटी वळवणे ही फार मोठी मागणी आहे, असे मला वाटत नाही.

मांडवीतीर

औंधकर, तुमचा खिशाचा मुद्दा योग्य आहे. माझा कॉर्कस्क्रू माझ्याच खिशात असे आणि तो मी कोणालाही देत नसे. रोजच्या कामात तिने स्वतःचा डावखुरा वापरावा, याला माझी हरकत नाही. उजव्या हाताचा सराव मी अडीअडचणीसाठी सांगतो आहे आणि तेवढ्यापुरते मी माझे म्हणणे कायम ठेवतो.

एक दक्षता मात्र सांगतो. डावखुरा कॉर्कस्क्रू सामाईक खणात राहिला आणि उजव्या हाताच्या सहकाऱ्याने उचलला, तर तो काट्यांप्रमाणे फिरवत राहतो, मळसूत्र धरत नाही, आणि टोकाने बुचाचा माथा खरवडून निघतो. मग तो जोराने दाबतो आणि बूच आत जाते. म्हणून त्याच्या मुठीवर ठळक रंगाची पट्टी गुंडाळून ठेवावी.

जुनी_अडगळ

या वस्तूचा इतिहास पाहिला तर डावखुऱ्यांचा विचार किती उशिरा झाला ते लक्षात येते. बंदुकीच्या नळीत अडकलेला बार काढण्यासाठी जे पिळाचे आकडे वापरत, त्यांच्यापासून कॉर्कस्क्रूची कल्पना आली असे मानले जाते. इंग्लंडमध्ये त्याचे पहिले पेटंट 1795 मध्ये सॅम्युएल हेनशॉल या धर्मोपदेशकाने घेतले. त्याने मळसूत्राच्या वर एक चकती बसवली. ती बुचाला टेकली की पुढचा फेरा बुचालाच फिरवतो आणि काचेला चिकटलेले बूच सुटते. 1802 मध्ये एडवर्ड थॉमसनने असे यंत्र केले की एकाच दिशेने मूठ फिरवत राहिले तरी आधी मळसूत्र आत शिरे आणि मग बूच वर येई. आपण ज्याची चर्चा करतो आहोत तो वेटर्स फ्रेंड 1882 मधला; त्याचे पेटंट कार्ल विन्के या जर्मन माणसाचे. इतकी बुद्धी खर्च झाली, पण फिरवण्याची दिशा उजव्या हाताचीच राहिली. जुन्या वस्तूंच्या बाजारात डाव्या आट्यांचे कॉर्कस्क्रू इतके विरळ आहेत की संग्राहक ते मुद्दाम शोधत फिरतात.

चंद्रकोर

दक्षिणावर्ती शंखासारखेच म्हणायचे. तोही इतर शंखांच्या उलट पिळाचा असतो आणि म्हणूनच देवघरात त्याला इतका मान असतो.

द्राक्षबाग_दिंडोरी

धागा वाचून आनंद झाला. मी नाशिक परिसरातल्या एका वायनरीत कामाला आहे, म्हणून बुचाबद्दल थोडे लिहितो. बूच म्हणजे कॉर्क ओक झाडाची साल. जगातले निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड सुमारे 25 वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात, त्यानंतर नऊ-नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचाला योग्य अशी साल तिसऱ्या वेळेला मिळते. सुमारे 24 मिलिमीटर जाडीचे बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या तोंडात बसवलेले असते. ते काचेला किती घट्ट धरून बसते आणि मनगटाला जोर का लागतो, ते यावरून समजेल.

मात्र आपल्याकडे बुचाच्या बाटल्यांचे प्रमाण कमी होत आहे. सुलासारख्या मोठ्या कंपनीच्या अनेक वाइन आता आट्यांच्या झाकणाच्या आहेत, आणि रेवतीताईंनी सांगितल्याप्रमाणे ते झाकण डाव्या हाताला उलट सोपे जाते. तरीही परदेशी वाइन आणि वर्षानुवर्षे मुरवत ठेवायच्या वाइन बुचाच्याच येतात, आणि महागड्या बाटलीवर चूक परवडत नाही. त्यामुळे पुतणीने हे कौशल्य मिळवायलाच हवे.

कॉर्कस्क्रू निवडताना मळसूत्राच्या मध्यभागी पोकळी आहे ना, ते पाहावे. नुसती तार वळवल्यासारखे पोकळ मळसूत्र बुचात अलगद वाट काढते. मध्ये भरीव दांडा असलेले मळसूत्र बूच पोखरून काढते. हातात घेतल्यावर त्या पोकळीत आगकाडी उभी मावली पाहिजे, ही आमच्याकडची नेहमीची कसोटी आहे.

सांजवात

मळसूत्रच नको असेल तर दोन पातळ पात्यांचे साधन मिळते. त्याला ‘आह-सो’ म्हणतात. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आलटून पालटून डोलवत खाली न्यायची आणि मग पिळत वर ओढायचे. कोणत्याही दिशेने पिळले तरी चालते, त्यामुळे तिथे डावे-उजवे काही राहत नाही. माझे यजमान डावखुरे आहेत आणि आमच्या घरी तेच वापरतो.

मांडवीतीर

सांजवातताई, जुन्या, ठिसूळ झालेल्या बुचासाठी ते साधन सर्वांत उत्तम आहे. बूच सैल असेल तर मात्र पाती खाली नेतानाच ते आत ढकलले जाते. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत सहसा वेटर्स फ्रेंडचीच अपेक्षा असते, हे लक्षात ठेवावे.

टेम्सकाठचा_सातारकर

गोदाकाठ, डिसेंबरात मी साताऱ्याला येणार आहे. पात्याची धारही डाव्या बाजूची असलेला वेटर्स फ्रेंड येथून आणून कुरिअरने पाठवू शकेन. विमानात हातातल्या सामानात पाते चालत नाही, त्यामुळे तो मोठ्या बॅगेतून आणावा लागेल. त्यात काही अडचण नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीला पूर्ण धागा वाचायला दिला. ‘तळहात वर ठेवून सुरुवात’ ही रेवतीताईंची सूचना तिने वसतिगृहातच रिकाम्या बाटलीत जुने बूच ठोकून करून पाहिली. आता मळसूत्र सरळ जाते, पण हात लवकर भरून येतो, असे तिने कळवले आहे. सातारकर, तुमचा देकार मी कृतज्ञतेने स्वीकारतो आहे. पैसे मात्र तुम्हाला घ्यावे लागतील. मांडवीतीर आणि औंधकर यांचे दोन्ही मुद्दे तिला पटले आहेत. बूच ती डाव्या हाताने, डाव्या आट्यांच्या कॉर्कस्क्रूने काढणार आणि ओतण्याचा सराव उजव्या हाताने करणार, असे तिने स्वतः ठरवले आहे. सुट्टीत उजव्या हाताने बूच काढूनही पाहीन, असे म्हणाली. ते मी तिच्यावर सोडले आहे.

एकच शंका उरते. परीक्षेत स्वतःचे साधन वापरू देतील का?

मांडवीतीर

अर्ज करून आधीच विचारावे. मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो: क्रम, स्वच्छता, बूच अखंड निघणे आणि वाइनमध्ये काही न पडणे, यांना गुण असतात, मळसूत्र कोणत्या दिशेने फिरले याला नसतात. परीक्षकाने ऐन वेळी हरकत घेऊ नये, म्हणून तिने सुरुवातीलाच कॉर्कस्क्रू दाखवून, हा डाव्या आट्यांचा आहे, असे सांगावे. आणि त्याच्याबरोबर एक साधाही खिशात ठेवावा.

डावरा_औंधकर

प्रशिक्षकांनाही तो एकदा फिरवून पाहायला द्यावा. त्यांनी उजव्या हाताने प्रयत्न केला की पुतणीची अडचण त्यांना निराळी समजावून सांगावी लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या डावखुऱ्या मुलांसाठी संस्थेने असे दोन-तीन कॉर्कस्क्रू घेऊन ठेवावेत, अशी विनंतीही त्याच वेळी करता येईल.